डाव्या हाताची तीन बोटं

डाव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट एकमेकांशी काटकोनात धरून बघा. नीट जमलं तर मनगट दुखतं आणि माणूस खुळ्यासारखा दिसतो. एसटीत बसून करू नका, शेजारची बाई पिशवी उचलून सरकून बसते. मी अनुभव घेतलाय. पहिलं बोट चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला ठेवायचं, मधलं विद्युतधारेच्या दिशेला, की अंगठा सांगतो तारेवर बल कुठल्या बाजूला लागणार ते. भौतिकशास्त्रात याला डाव्या हाताचा नियम म्हणतात. या नियमापायी मला बारावीच्या पेपरातून भरारी पथकानं उठवून नेलं होतं.

आधी घरचं सांगते, म्हणजे माझं काय पणाला लागलं होतं ते कळेल. आम्ही पाटसचे. हमरस्त्याला लागून अब्बांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ट्रॅक्टरचे डायनॅमो, ट्रकचे स्टार्टर, उसाच्या ट्रॉलीचे दिवे आणि ट्रॅक्टरवाल्यांचे गाण्याचे स्पीकर तिथं दुरुस्तीला येतात. कारखान्याचा हंगाम चालू तोवर दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि हंगाम संपला की अब्बा निवांत पेपर वाचत बसतात. घरात दखनी आणि मराठी दोन्ही चालतात. अब्बा रागावतात दखनीत, पण काही पक्कं सांगायचं असलं की मराठीवर येतात. त्यामुळे त्यांनी मराठी सुरू केली की आम्ही बहिणी गप्प व्हायचो.

मला पुण्याला हॉस्टेलवर राहून फिजिक्समध्ये बी.एस्सी. करायचं होतं. आमच्या घरातली मुलगी तोवर एकटी, पुण्याच्या वाटेवर जवळच असलेल्या यवतच्या पुढं गेलेली नव्हती. थोरली बहीण दहावीनंतर घरी बसली आणि मग तिचं लग्नच झालं. मी सायन्स घेतलं तेव्हा अब्बा मराठीत म्हणाले, "बारावी हू दे. चांगली पास झालीस आन् चार लोकांत मान खाली घालायची पाळी आली न्हाई, तर पुण्याचं बघू." त्यातला "बघू" एवढाच शब्द उचलून मी दोन वर्षं अभ्यास केला.

फिजिक्सला आम्हाला मॅडम होत्या. दिसायला लहानखुऱ्या, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत. प्रयोगशाळेत होतं नव्हतं ते सगळं कुलपात, आणि कुलपाची किल्ली ज्यांच्याकडे ते शिपाईमामा बहुतेक रजेवर. म्हणून मी दुकानातून दोन फुटक्या स्पीकरचे चुंबक आणि मोटारसायकलची बॅटरी नेली. मॅडमनी दोन विटांना आतल्या बाजूनं ते चुंबक चिकटपट्टीनं बांधले आणि मधल्या फटीत डब्यातल्या पोळीला गुंडाळतात त्या चंदेरी फॉइलची एक बारीक पट्टी सोडली. आधी त्यांनी पट्टी चुंबकाला लावून दाखवली. ती चिकटत नव्हती, अ‍ॅल्युमिनियमच ते. मग पट्टीच्या दोन टोकांना बॅटरीच्या वायरी टेकवल्या, तशी पट्टी टुणकन बाहेर उडाली. वायरी उलटसुलट केल्यावर ती आत उडाली. सगळा वर्ग उठून टेबलाभोवती जमला आणि मॅडम ओरडल्या, "लांब व्हा, पट्टी तापलीय!"

मला त्यात काय भावलं, ते मी तेव्हा कुणाला सांगू शकले नसते. क्षेत्र एका बाजूला, करंट दुसऱ्या बाजूला, आणि पट्टी जाते तिसरीकडेच. चुंबकाकडे जात नाही की वायरीच्या दिशेला जात नाही. त्या दिवसापासून मॅडमनी "हात!" म्हटलं की पन्नासभर डावे हात वर व्हायचे, तीन-तीन बोटं ताणून. मुलं एकमेकांवर पिस्तुलं रोखायची. मी मात्र त्या हाताशिवाय एकही गणित सोडवेनाशी झाले. डोक्यात उत्तर आलं तरी बोटांनी पडताळल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

पुढं तारेच्या बाहेर मोकळा सुटलेला विद्युतभार आला, इलेक्ट्रॉन वगैरे. क्षेत्राला काटकोनात आत शिरलेल्या भारावर जे बल लागतं, त्याचा स्वभाव मला अजिबात आवडला नाही. ते भाराला पुढं ढकलत नाही, मागं ओढत नाही. कायम आडवं लागतं. त्यामुळे त्याची गती कमी होत नाही, वाढत नाही, तो नुसता वळत राहतो आणि त्याच त्या वर्तुळात फिरत बसतो. मॅडम म्हणाल्या, "हे बल काहीच काम करत नाही. झिरो वर्क." मी चिडून विचारलं, "काम करत नाही तर मग त्याला कोंडलं कुणी?" वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गतीला ते हात लावत नाही, म्हणून काम शून्य. दिशा मात्र त्याच्या ताब्यात. लिहून घे."

परीक्षेचं केंद्र दौंडला होतं. फिजिक्सच्या दिवशी अब्बा दुकान बंद ठेवून मला मोटारसायकलवर सोडायला आले. गेटवर पोलीस, आसपासची झेरॉक्सची दुकानं बंद, कुंपणाबाहेर पालकांची आणि रिकामटेकड्यांची गर्दी. अब्बा म्हणाले, "जा. मी हितंच थांबतो." आत दोन ठिकाणी झडती झाली. खिडक्यांना जाळ्या होत्या आणि माझा बाक अगदी मधोमध होता, चारही बाजूंनी कुणाची ना कुणाची पाठ किंवा तोंड. पंखा डोक्यावर होता, पण तो फिरत होता एवढंच.

पहिला प्रश्न पर्यायांचा असतो. त्यात एक असा होता: टेबलावर पडलेल्या तारेतून उत्तरेकडे करंट जातोय, क्षेत्र सरळ खाली आहे, बल कुठं? पर्याय वर, पूर्व, पश्चिम आणि बल नाही. मी नेहमीच्या सवयीनं डावा हात काढला. पहिलं बोट खाली रोखायचं, मधलं पुढं, त्यासाठी कोपर चांगला उचलावा लागतो. उचलला. अंगठा डावीकडे गेला, म्हणजे पश्चिम. पर्याय सी. एकदा खात्री व्हावी म्हणून पुन्हा हात फिरवून बघितला. नेमका त्याच वेळी पुढच्या बाकावरचा मुलगा माझ्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघायला वळला.

"ए, उठ!" पर्यवेक्षक सर माझ्यापाशी येऊन उभे होते. दुसऱ्या कुठल्या तरी शाळेचे, चेहरा घामेजलेला. "तीन बोटं कुणाला दाखवतेस?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. कॉपीमध्ये एक बोट म्हणजे ए, दोन बोटं म्हणजे बी, तीन म्हणजे सी. हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. मी म्हटलं, "सर, नियम आहे तो. डाव्या हाताचा."

"असला कसला नियम?"

मी दाखवायला हात वर केला आणि तिथंच घात झाला. दारात भरारी पथक उभं होतं. पथकातल्या मॅडमनी मला हॉलच्या मधोमध तीन बोटं वर करून उभी असलेली बघितली. सरांनी माझा पेपर उचलला, पुढच्या मुलाचाही उचलला, आणि मला केंद्रसंचालकांच्या खोलीत नेण्यात आलं. जाताना वऱ्हांड्यातून कुंपण दिसत होतं. बाहेरची माणसं जाळीला डोळे लावून आत बघत होती.

खोलीत मला भिंतीशी उभं केलं. टेबलामागं केंद्रसंचालक, वयस्कर, शांत. बाजूला पथकाच्या मॅडम. त्यांनी माझी ओढणी झटकून बघितली, बाह्या बघितल्या, तळहात बघितले. काही सापडेना, तसा त्यांचा संशय वाढत गेला. मी सगळं सांगितलं. पहिलं बोट हे, मधलं ते, अंगठा असा.

"मग उत्तर काय आलं?" मॅडमनी विचारलं.

"सी."

"म्हणजे तीन बोटं."

"मॅडम, उत्तरच सी आहे त्याचं!"

"तेच म्हणतेय मी. कबूल करतेस ना?"

मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं, आणि पाणी बघून त्यांची खात्री पटली. मी जितकं खरं बोलत होते तितकी आत रुतत होते. म्हटलं, पुस्तकात आहे, बघा. पुस्तक गेटबाहेर दप्तरात, आणि केंद्रात पुस्तक आणणं हाच गुन्हा. म्हटलं, कुणा फिजिक्सच्या सरांना विचारा. केंद्रसंचालक म्हणाले, "बाळ, ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाचे शिक्षक त्या दिवशी केंद्रात नसतात. तसा नियमच हाय." म्हणजे ज्याला माझं म्हणणं कळेल असा एकही माणूस त्या आवारात असू नये, याची सरकारनं आधीच व्यवस्था करून ठेवली होती. पथकाच्या मॅडम इतिहासाच्या होत्या, त्यांनीच सांगितलं. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच समजले असते.

तोवर पेपर पुढं चालला होता. घंटेचा टोल पडला की मी उरलेला वेळ मोजायची. भिंतीला टेकून उभी होते, समोर दार उघडं होतं, कुणी मला धरलेलं नव्हतं, आणि तरी मला एक पाऊल टाकता येत नव्हतं. मला एकच दिसत होतं, कॉपी केस झाली की पुणं संपलं. अब्बा "बघू" हा शब्द परत उच्चारणार नाहीत. भीतीपेक्षा मला राग जास्त येत होता, आणि तो काढायला जागा नव्हती.

सुटका केली ती पुढच्या मुलानं, तीही नकळत. केंद्रसंचालकांनी दोन्ही पेपर शेजारी ठेवले, चष्मा लावला आणि म्हणाले, "हिनं सी लिव्हलंय. आन् ह्यानं तर बी लिव्हलंय की."

बी म्हणजे पूर्व. पूर्व येते ती उजव्या हातानं. पठ्ठ्यानं नियम लावला होता, फक्त हात चुकला होता. तीन बोटं बघून कुणी बी लिहीत नाही, एवढं पथकालाही पटलं. आयुष्यात कुणाच्या चुकीचा मला इतका आनंद झाला नसेल. त्या मुलाशी मी कधी बोलले नाही, पण त्याचा तो एक मार्क मी खाल्ला असं अजून वाटतं.

"जा," केंद्रसंचालक म्हणाले. पथकाच्या मॅडमनी मात्र अट घातली. "डावा हात मला दिसता कामा नये. मांडीखाली घालून बस."

मी बाकावर बसले आणि डाव्या हातावर बसले. खरोखरच, हात मांडीखाली दाबून. पथकाच्या मॅडम दारात उभ्या राहिल्या. पुढचा सगळा विभाग चुंबकत्वाचा आणि माझं अवजार माझ्याच वजनाखाली. डोक्यात चित्र उभं करायचा प्रयत्न केला, पण बोटं हलल्याशिवाय ते फिरेना. हाताला मुंग्या आल्या. आपलाच हात आपल्याला चोरीच्या मालासारखा लपवावा लागतोय, ही गोष्ट मला फार लागली.

मग तो मुलगा आठवला. उजव्या हातानं उलटी दिशा येते ना? मग येऊ दे उलटी, मी ती पुन्हा उलटी करीन. पेन खाली ठेवलं. उजवा हात कागदावरच, लिहायच्या थाटात ठेवला आणि कुणाला दिसणार नाही इतपत तीन बोटं वळवली. तारेचं गणित सुटलं. अंगठा खाली आला, मी वर लिहिलं.

पुढचा प्रश्न इलेक्ट्रॉनचा होता. इलेक्ट्रॉन उजवीकडे पळतोय, क्षेत्र कागदाच्या आत शिरतंय, तो कुठं वळेल? इलेक्ट्रॉनवर ऋण भार, म्हणून करंट त्याच्या उलट धरायचा, एकदा उलटं. त्यात उजवा हात, म्हणून दुसऱ्यांदा उलटं. मी दोन्ही उलट्या करायला बसले आणि मध्येच थांबले. दोनदा उलटं म्हणजे सुलटंच की! इलेक्ट्रॉनसाठी उजवा हात आहे तसाच बरोबर. मधलं बोट तो पळतोय तिकडे, पहिलं बोट आत, अंगठा सरळ कागदाच्या खालच्या बाजूला. तो खाली वळणार. ही गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती. मॅडमनीसुद्धा नाही. त्या कोंदट हॉलमध्ये, डाव्या हातावर बसलेली, दारात पहारा, आणि मला एकटीला हसू येत होतं. ते मी ओढणीत लपवलं, नाहीतर हसण्याचीही केस झाली असती.

शेवटची दोन गणितं राहिली. घंटा झाली, पेपर ओढून घेतला. मांडीखालचा हात काढला तेव्हा त्यावर बाकाच्या फळीचे वळ उठले होते.

गेटबाहेर आले तर अब्बा मोटारसायकलवर बसलेले, गाडी चालू. गर्दीपासून बरेच लांब, एका टपरीच्या आडोशाला. "बस," एवढंच म्हणाले. मी बसले आणि बोलायला लागले. पथक, बोटं, सी, बी, सगळं. वारा आणि गाडीचा आवाज, त्यांना किती ऐकू गेलं कोण जाणे. वाटेत उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या, त्यांच्या मागं आम्ही रखडत चाललो. मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "अब्बा, केस नाही झाली! सोडलं मला!" त्यांनी मान हलवली. घरी अम्मीला मी सांगितलं तर ती म्हणाली, जेव आधी.

निकाल लागला. फिजिक्सला कॉलेजात सगळ्यात जास्त मार्क मला होते. अब्बांनी स्टँडवरून पेढे आणले आणि दुकानात येईल त्याला दिले, अगदी पंक्चरवाल्यालासुद्धा. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती.

पुण्याला मी गेले नाही. फिजिक्स घरी बसून होत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते, म्हणून मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. लग्न होऊन शिरूरला आले. नवरा कंपनीच्या बसनं जातो-येतो, मी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. माणसं चांगली आहेत. मला कुणी मारलं नाही, कोंडलं नाही, कुणी आवाजही चढवला नाही. मी सारखी चालत असते आणि कुठंच जात नाही. याचा मला राग येतो, आणि तो राग कुणावर धरायचा हे मात्र कळत नाही.

पुण्याला का पाठवलं नाही, ते अब्बांनी मला एकदाच सांगितलं. पेढे वाटून झाल्यावर एकदा दुपारी मी भांडायचंच ठरवून दुकानात गेले. ते एक डायनॅमो उघडून बसले होते. मी म्हटलं, "पास झाले. पहिली आले. केस झाली नाही. मग आता काय अडलंय? तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?"

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि मराठीत बोलायला लागले.

"तू कॉपी केली न्हाईस, ठाव हाय मला. तवाच ठाव हुतं."

"मग?"

"तुला त्या वऱ्हांड्यातनं नेलं ना, तवा मी कुंपणाला हुतो. समदी म्हनली, पोरगी धरली, पोरगी धरली. एकानं मलाच इचारलं, कुणाची वं?" ते डायनॅमोकडे बघत राहिले. "म्या म्हनलं, काय ठाव न्हाई."

मी उभीच होते.

"आन् मग लांब जाऊन उभा राह्यलो. तुझा बाप असून. तुला पुण्याला धाडलं आन् तिथं काय झालं, तर मी परत तसाच म्हनंन. मला भ्या वाटतं ते तुझं न्हाई. माझं वाटतं."

मी मोठं भांडण तयार करून नेलं होतं, त्यातलं एकही वाक्य वापरता येईना. त्यांना ओरडावं तर ते आधीच खाली बघत होते. मला त्यांची कीव आली, आणि त्या क्षणी मला कळलं की आता आपण पुण्याला जात नाही. अब्बांनी फडकं उचललं आणि पुन्हा डायनॅमो पुसायला घेतला.